मास्तरांचा कटर पंप

पंपांच्या दुकानात गेली सव्वीस वर्षं काउंटरमागे उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. त्यात आदर किती आणि वैताग किती, हे मास्तरांनी स्वतःच कधीचं ताडलं होतं: आदर चिमूटभर, बाकी सगळा वैताग. गिऱ्हाईक घाईघाईने आत येऊन “एक पंप द्या हो” म्हणालं, की मास्तर चष्मा कपाळावर सरकवत, हातातला कपडा खांद्यावर टाकत आणि शाळा सुरू होई.

खरं म्हणजे त्यांना शाळामास्तरच व्हायचं होतं. शिकवण्याच्या परीक्षेचा अभ्यासही त्यांनी मनापासून केला होता. पण सरावाच्या पहिल्याच तासाला चाळीस पोरं एकदम त्यांच्याकडे बघायला लागली आणि यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी फळ्याकडे तोंड केलं ते थेट घंटा होईपर्यंत. वळून पाहिलं तेव्हा फळा भरला होता आणि वर्ग रिकामा झाला होता. “पोरं कधी सटकली कळलंच नाही,” असं ते पुढे लोकांना सांगत, “पण अक्षर काय सुंदर आलं होतं!” त्यानंतर ते पंपाच्या दुकानात चिकटले. इथे विद्यार्थी एका वेळी एकच येतो आणि त्याच्या घरात मैला तुंबलेला असल्याने त्याला पळून जाता येत नाही, हे त्यांच्या चटकन लक्षात आलं.

काउंटरच्या मागच्या फळीवर चार पंप ओळीने मांडलेले असत. हाच त्यांचा अभ्यासक्रम.

“हा पहिला बघा. याच्या तोंडाला बारीक जाळी आहे. तळघरात झिरपलेलं, साचलेलं साधं पाणी असेल तरच याला हात लावायचा. एक खडा गेला की हा रुसून बसतो. तब्येतीने नाजूक. हा दुसरा, सांडपाण्याचा. मोरीचं पाणी, बेसिनचं, कपड्यांच्या मशीनचं. केस, दोरे, साबणाचा गाळ याला चालतो. बोटाच्या पेराएवढं काही आलं की मात्र गळा धरतो. तिसरा मैल्याचा. याचं तोंड बघा, मूठ जाईल. संडासातून जे येईल ते न चावता गिळायचं आणि जसंच्या तसं पुढे ढकलायचं, हा याचा धर्म. पाणी भरपूर फेकतो, पण उंच चढायला सांगाल तर धापा टाकतो. आणि हा चौथा, कटर. याला दात आहेत. सगळं चावून लापशी करतो आणि अंगठ्याएवढ्या नळीतून पार टेकाडावर नेऊन पोचवतो.”

इथवर आलं की गिऱ्हाईक हमखास कटरकडे बोट दाखवी. सगळ्यात भारी तोच दिसतो ना! मग मास्तर हात वर करत. “थांबा. आधी चार प्रश्न. पाणी कसलं? चढ किती? लांब किती न्यायचंय? आणि सोडायचं कुठे? याची उत्तरं आणा, मग पंपाचं बोलू.” कितीतरी लोकांना त्यांनी असं घरी परत पाठवलं होतं. दुकानाची मालकीणबाई आतल्या खोलीतून हे ऐकत बसे आणि कपाळाला हात लावी.

एक गोष्ट मात्र मास्तर कुणाला सांगत नसत. त्या चार पंपांपैकी एकही त्यांनी कधी ओला झालेला पाहिला नव्हता. खोक्यातून काढायचा, पुसायचा, फळीवर ठेवायचा, पुन्हा खोक्यात घालायचा. त्यांच्या मते तो सोयीचा भाग होता. पोहण्याची पुस्तकं विकणाऱ्याने नदीत उडी मारलीच पाहिजे असं थोडंच आहे?

मास्तरांचे सासरे शुद्ध पाण्याचे. म्हणजे आयुष्यभर ते गावाच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर होते. गाळण्या, तुरटी, क्लोरीन, मोठमोठे व्हॉल्व्ह. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पाण्याचा पेला हातात आला की ते तो आधी उजेडाकडे धरून बघत. मुलीसाठी हे स्थळ आलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “मुलगा काय विकतो?” उत्तर ऐकून बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे लग्न झालं, वर्षं गेली, पण ते वाक्य काही जुनं झालं नाही: “आम्ही पाणी स्वच्छ करून देत होतो. आमचे जावईबापू ते घाण झाल्यावर पुढे ढकलतात.” चार लोकांत ते हे हसत हसत म्हणत. मास्तरही हसत. हसण्यात ते फार पटाईत होते. आपल्यावरच्या विनोदाला पहिलं हसू आपलंच असावं, म्हणजे दुसऱ्यांना जोर चढत नाही, असं त्यांचं तंत्र होतं.

तर अशा या सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण जिना चढणं बंद झालं. त्यांचं स्वतःचं घर दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा बायको म्हणाली, “बाबांना आपल्याकडे आणू या. मागची खालची खोली मोकळी करू.”

मास्तरांचं घर उतारावर होतं. पुढून पाहिलं तर एकमजली, मागून पाहिलं तर त्याच्या पोटात आणखी एक खोली. मागच्या अंगणातून थेट आत जाता येई, एकही पायरी नाही. तिथे जुनी सायकल, रंगाचे डबे आणि कपड्यांचं मशीन होतं. खोली छान उजेडाची. फक्त संडास-न्हाणीघर नवीन करायला लागणार होतं. आणि घोळ तिथेच होता. घराची मैल्याची टाकी पुढच्या अंगणात, म्हणजे या खोलीपेक्षा उंचावर. वरच्या मजल्याचा मैला आपसूक उताराने टाकीत जाई. खालच्या खोलीचा मात्र खड्ड्यात साठवून वर ढकलावा लागणार होता.

म्हणजे पंप लागणार होता.

“त्या फिटरबाईंना एकदा दाखवून घ्या ना,” बायको म्हणाली.

फिटरबाई म्हणजे मास्तरांच्या दुकानातलं एकमेव गिऱ्हाईक ज्यांच्यापुढे शाळा भरत नसे. पन्नाशीच्या, दंडाने भक्कम, बोलायला कंजूष. वडिलांकडून काम शिकलेल्या. दुकानात यायच्या, “मैल्याचा, लहान,” एवढं म्हणायच्या, खोकं काखेत मारून जायच्या. मास्तरांनी एकदा चष्मा कपाळावर सरकवलाही होता. त्यांनी तो नुसत्या नजरेने परत खाली आणला.

“मला विचारायला लोक येतात,” मास्तर म्हणाले, “आणि मी दुसऱ्याला विचारू?”

“लोकांना तुम्ही सांगता, ते बसवतात त्या.”

“बसवायला काय, गवंडी आहे, वायरमन आहे. डोकं लागतं ते निवडायला.”

असं म्हणून त्यांनी दुकानातून पंप आणला. कोणता? कटर. साधासुधा नव्हे, फळीवरच्यापेक्षाही मोठा, कॅटलॉगच्या शेवटच्या पानावरचा. का आणला, हे त्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्यांनी दहा कारणं दिली असती. खरं कारण अकरावं होतं आणि ते त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. सासऱ्यांच्या खोलीखाली काहीतरी भारदस्त असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पाणी कसलं, चढ किती, लांब किती, सोडायचं कुठे, या चारांतला एकही प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. गिऱ्हाईक स्वतःच असलं की दुकानदार किती ढिला पडतो, यावर त्यांनी पुढे खूप विचार केला.

सासरे आले. खोली बघून मान डोलावली. पलंग, खिडकी, भिंतीला धरायला दांडी, सगळं ठीक होतं. मग पहिल्यांदा फ्लश झाला, आणि पलंगाखालून असा आवाज आला की जणू एखादा ट्रक खोलीतच पहिल्या गिअरमध्ये पडलाय. चार-पाच सेकंद. मग शांतता.

“हे काय?” सासरे म्हणाले.

“कटर आहे, बाबा. यापेक्षा वरचा पंप घरगुती कामाला मिळतच नाही.”

“काय कापतो?”

“सगळंच.”

“हं,” सासरे म्हणाले आणि पाण्याचा पेला उजेडाकडे धरला.

पहिले दोन आठवडे पंप गुरगुरत राहिला. मग मधूनच तो बंद पडायला लागला. अर्ध्या तासाने आपला आपण सुरू होई. मास्तरांनी आधी वायरमनला दोष दिला, मग विजेच्या दाबाला, मग गवंड्याला. वायरमनने तपासून सांगितलं, “मास्तर, मोटर तापतेय. तापली की स्वतःला बंद करून घेते, थंड झाली की उठते.” यावर मास्तरांनी त्याला मोटर का तापते याच्या सात कारणांवर व्याख्यान दिलं. त्यातलं एकही कारण इथे लागू नव्हतं. वायरमन मान हलवत निघून गेला आणि पुन्हा फोन उचलेना.

असे दोन महिने गेले.

मग तो रविवार आला. सासऱ्यांना भेटायला त्यांचे दोन जुने सोबती येणार होते, दोघेही शुद्ध पाण्याचेच. एक उंच, प्रयोगशाळेत होते. दुसरे बुटके, व्हॉल्व्हवर. सकाळी दहाला आले. मास्तरांनी खुर्च्या मांडल्या, खोली दाखवली, आणि राहवलं नाही म्हणून न्हाणीघराचं दारही उघडून दाखवलं. “खाली कटर आहे,” ते सहज बोलल्यासारखं म्हणाले. “चाळीस मीटर चढवतो.”

“इथे चढ किती आहे?” उंच सोबत्यांनी विचारलं.

“तसा फार नाही,” मास्तर म्हणाले आणि चहाचं बघायला म्हणून बाहेर सटकले.

बायकोने त्याच सुमारास कपड्यांचं मशीन लावलं होतं. मशीन आता खालच्याच खोलीबाहेर हलवलेलं होतं आणि त्याचं पाणीही मास्तरांनी त्याच खड्ड्यात सोडलं होतं. एवढा मोठा पंप आहे तर त्याला थोडं जास्तीचं काम द्यावं, असा उदार विचार. आता झालं असं, की तिन्ही म्हातारे आळीपाळीने न्हाणीघरात जाऊन आले, खड्डा भरला, पंप गुरगुरला, तापला आणि गप्प झाला. आणि मग मशीनने पहिलं पाणी सोडलं.

मास्तर चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा तिघेही म्हातारे न्हाणीघराच्या दारात टक लावून बघत होते. मोरीच्या जाळीतून पाणी वर येत होतं. राखाडी, फेसाळ, आणि जे काही पंपाला कापायचं होतं ते सगळं अंगावर घेऊन. कुणीही ओरडलं नाही. चाळीस-चाळीस वर्षं पाण्याबरोबर काढलेली माणसं ती. बुटक्यांनी घड्याळ काढलं होतं. उंच सोबती भिंतीवरच्या फरशीच्या रेघेकडे बघत होते.

“मिनिटाला अर्धा इंच,” बुटके म्हणाले.

“थोडं जास्तच,” उंच म्हणाले. “उंबऱ्याला सहा मिनिटं आहेत.”

“रंगावरून हे निवळायला वेळ लागेल,” सासरे म्हणाले. मग त्यांनी मास्तरांकडे वळून पाहिलं. “जावईबापू, ट्रे खाली ठेवा. आणि ते मशीन बंद करा.”

ती सहा मिनिटं मास्तरांच्या आयुष्यातली सगळ्यात कामाची निघायला हवी होती. त्यांनी ट्रे ठेवला तो जुन्या रंगाच्या डब्यावर, आणि तो उलटला. मशीन बंद करायला धावले ते चुकीचं बटण दाबून आले. मशीन आणखी जोरात पाणी सोडायला लागलं. शेवटी बायको वरून खाली आली, तिने प्लग ओढला, वडिलांना खुर्चीसकट अंगणात नेलं, दोघा सोबत्यांना वर बसवलं आणि नवऱ्याकडे न बघता फोन काढला.

“कुणाला लावतेस?” मास्तरांनी विचारलं.

“फिटरबाईंना.”

“रविवार आहे, त्या कशाला येतील?”

“तुमच्या घरचं काम आहे म्हटलं तर येतील,” बायको म्हणाली. “धावत येतील.”

फिटरबाई पंधरा मिनिटांत आल्या. गमबूट, हातमोजे, खांद्यावर पिशवी. अंगणात खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांना त्यांनी नमस्कार केला, खोलीच्या दारातून एक नजर टाकली, आणि मास्तरांपुढे उभ्या राहिल्या. मास्तर ढोपरापर्यंत विजार दुमडून, हातात झाडू घेऊन उभे होते. झाडूने काय करायचं हे त्यांना सुचलेलं नव्हतं.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “पाणी कसलं?”

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कान तापले. “मैल्याचं,” ते म्हणाले. “आणि मशीनचं.”

“चढ किती?”

“अडीच मीटर.”

“लांब किती न्यायचंय?”

मास्तरांनी पुढच्या अंगणाकडे पाहिलं. “सात-आठ पावलं.”

“सोडायचं कुठे?”

“आपल्याच टाकीत.”

दुकानात हेच उत्तर एखाद्या गिऱ्हाइकाने दिलं असतं तर मास्तरांनी काय म्हटलं असतं, ते दोघांनाही पाठ होतं. ‘अहो, मैल्याचा साधा पंप घ्या, डोळे मिटून.’

“मग हा हत्ती कुणासाठी आणलात?” बाईंनी विचारलं.

मास्तरांची नजर नकळत खुर्चीकडे गेली. “बाबांसाठी,” ते म्हणाले.

सासरे अंगणाच्या कुंपणाकडे बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

बाईंनी मग थोडक्यात सांगितलं. त्यांचं थोडक्यात म्हणजे चार-पाच वाक्यं. हा पंप उंच आणि लांब चढवायला केलेला. समोर अडवणूकच नसली की तो बेफाम पाणी फेकतो, मोटर झेपेल त्याहून जास्त ओढते, आणि तापून बसते. खड्डा लहान, म्हणून दर वेळी पाच सेकंदांत रिकामा. पुन्हा चालू, पुन्हा बंद. अशाने कुठलंही मशीन मरतं.

“म्हणजे त्याला काम कमी पडतंय,” खुर्चीवरून आवाज आला. “म्हणून डोकं तापतं त्याचं.”

“तसंच, आजोबा.”

“ओळखीचं वाटतंय,” बायको पुटपुटली. वडिलांकडे बघून की नवऱ्याकडे, हे तिने स्पष्ट केलं नाही.

“आता टाकी दाखवा,” बाई म्हणाल्या.

टाकी कशाला, हे मास्तरांना समजेना. बाईंनी पहारीने झाकण सरकवलं. आत एरवी काय असतं ते मास्तर काउंटरवरून शेकडो वेळा सांगत: खाली गाळ बसतो, वर साय धरते, मधलं निवळलेलं पाणी हळूहळू शोषखड्ड्यात जातं. इथे खाली गाळ नव्हता, वर साय नव्हती. सगळी टाकी एकसारखी, राखाडी, मिसळलेली लापशी.

“दोन महिने बारीक दळून घातलंत,” बाई म्हणाल्या. “दळलेलं खाली बसत नाही. असंच जमिनीत जात राहिलं असतं तर शोषखड्डा मेला असता. ही आधी उपसून घ्या.”

हे मात्र मास्तरांना ठाऊक होतं. कॅटलॉगच्या त्याच शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी ते कितीतरी लोकांना वाचून दाखवलं होतं, बोट ठेवून. मान खाली घालून ते टाकीत बघत राहिले. पंपाचं ज्ञान नसलेला माणूस असता तर त्याला निदान ‘मला काय माहीत’ म्हणता आलं असतं.

“चला, धरा,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“साखळी. पंप वर काढायचाय. एकटीने नाही निघणार, तुम्हीच आणलाय एवढा जड.”

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी ओल्या पंपाला हात लावला. ओढताना तो गुडघ्यावर आपटला, अंगावर ओघळ आला, आणि वास असा की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दोनदा ते कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. दोन्ही वेळा बाई साखळी धरून थांबल्या. तिसऱ्या वेळी पंप बाहेर आला आणि अंगणात आडवा झाला. पात्यांना कपड्याची एक लांब चिंधी गुंडाळलेली होती. बायकोने ती ओळखली. मास्तरांचा दुकानातला खांद्यावरचा कपडा. मशीनमधून बहुधा पाइपात गेला होता. दात असूनही पंपाला तो चावता आला नव्हता.

“हाही तुमचाच,” बाई म्हणाल्या.

दुपार होईपर्यंत बाईंच्या गाडीतला लहान मैल्याचा पंप खड्ड्यात बसला. नळी मोठी घातली, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह घातला, पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणाऱ्या फ्लोटची दोरी जरा लांब सोडली म्हणजे खड्डा नीट भरल्यावरच पंप उठेल. मशीनचं पाणी वेगळ्या नळीने बागेच्या चरात काढलं. चालू केल्यावर आवाज आला तो कुणीतरी घसा साफ केल्याएवढा. खोली धुवायचं काम मास्तरांकडे आलं. किती पाण्यात किती ब्लीच, हे सासऱ्यांनी अंगणातून सांगितलं, दोनदा चुकवलं म्हणून दोनदा परत करायला लावलं.

दोघे सोबती वर अडकूनच पडले होते. काम आटोपल्यावर सगळे वरच्या पडवीत बसले. सासऱ्यांना मागच्या अंगणातून घराला वळसा घालून आणलं. मास्तर आंघोळ करून आले तरी सगळ्यांपासून दोन हात लांब बसले. मग बुटके सोबती खाकरले.

“वहिनीबाई असत्या तर आज हसल्या असत्या,” ते सासऱ्यांच्या दिवंगत पत्नीची आठवण काढत म्हणाले. “त्यांना ती जुनी गोष्ट आठवली असती.”

“कुठली?” बायकोने विचारलं.

“काही नाही,” सासरे पटकन म्हणाले.

“अगं, तुझ्या वडिलांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला होता. गाळणी धुतलेलं पाणी सरळ गावाला! अख्ख्या गावाच्या नळाला सकाळी कोकोसारखं पाणी. आणि हा पठ्ठ्या साहेबांना सांगतो, ‘नदीला गढूळ आलंय.’ नदी बिचारी आरशासारखी.”

“अक्षरं लिहिलेली होती व्हॉल्व्हवर,” उंच सोबती म्हणाले. “यानेच रंगवली होती ती. आदल्या आठवड्यात.”

बायको वडिलांकडे बघत राहिली. तिला हे कधीच कळलेलं नव्हतं. सासऱ्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी ओठ आवळले, मग खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, मोडलेल्या खुब्यावर हात धरून. “स्वच्छ अक्षरात रंगवली होती,” ते कसंबसं म्हणाले, “तरी दुसराच फिरवला.”

मास्तरांना हसावं की नाही कळेना. इतकी वर्षं स्वतःवर पहिलं हसायची सवय. दुसऱ्यावर हसायची वेळ आली तेव्हा तंत्रच सुचेना. मग सासऱ्यांनीच त्यांच्याकडे बघून हात हलवला, “हसा हो, हसा. आता काय राहिलंय.” आणि मास्तर हसले, इतके की चष्मा पडला.

त्या संध्याकाळी सासरे काही फार वेगळे वागले असं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीला अजून वास आहे म्हणून त्यांनी मास्तरांना पुन्हा फरशी घासायला लावली, आणि तिसऱ्या दिवशीही.

दुकानात मात्र मास्तरांची शाळा बदलली. चार पंपांचं व्याख्यान सुरू करायचं, आणि कटरपाशी आले की स्वतःच्या घरची गोष्ट सुरू. न्हाणीघर, ट्रे, अर्धा इंच, टाकीतली लापशी, सगळं तपशीलवार. गिऱ्हाइकं पोट धरून हसत आणि आपल्या घराचा चढ मोजायला परत जात. मालकीणबाई एकदा बाहेर आली. “मास्तर, दुकानात उभं राहून स्वतःची अब्रू घालवायचा पगार देते का मी तुम्हाला?”

“नाही, तो भाग मी फुकट करतो,” मास्तर म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांना त्या साखळीचं वजन विसरता येईना. पंप ओला असतो तेव्हा कसा लागतो, त्याच्या तोंडाशी नेमकं काय अडकतं, फ्लोटची दोरी चार बोटं कमी पडली तर काय होतं, यातलं कॅटलॉगमध्ये काही नव्हतं. पुढच्या वेळी फिटरबाई आल्या तेव्हा मास्तरांनी खोकं देता देता विचारलं, “बाई, रविवारी मी येऊ का तुमच्याबरोबर?”

“कशाला?”

“बघायला.”

“बघून काय होतंय? टॉर्च धरायची असेल तर या.”

तेव्हापासून मास्तर रविवारी टॉर्च धरायला जातात. टॉर्च धरणंही त्यांना लगेच जमलं नाही; बाई खड्ड्यात वाकलेल्या आणि उजेड कुंपणावर. पाना मागितला की ते स्क्रू ड्रायव्हर देत, आणि का दिला हे समजावून सांगत. बाई वर न बघता हात तसाच पुढे धरून ठेवत, पाना येईपर्यंत. हळूहळू टॉर्चवरून त्यांची बढती साखळीवर झाली. मैल्याच्या पंपाचं तोंड मोकळं करायला दोन बोटं कुठून घालायची, हे त्यांना आता येतं. वासाचं अजून जमत नाही. ते कुंपणापाशी जाऊन येतात, पण आता एकदाच.

परवा एका घरी गेले होते. घरमालकीण तरुण, काळजीत पडलेली, तान्हं मूल कडेवर. तळघरात पाणी भरलं होतं. तिने आधी फिटरबाईंकडे पाहिलं, मग मास्तरांच्या पिकलेल्या केसांकडे. साहजिकच मोठा कारागीर कोण, याबद्दल तिचा गैरसमज झाला.

“काका, तुम्हाला या कामाचा किती वर्षांचा अनुभव आहे?” तिने विचारलं.

मास्तरांनी सवयीने चष्मा कपाळावर सरकवला. तोंड उघडलं. खड्ड्यातून बाईंनी मान वर केली आणि वाट बघत राहिल्या.

“तीन महिने होतील,” मास्तर म्हणाले, आणि टॉर्च नीट खड्ड्यावर धरली.